बुधवारच्या खोलीतली प्रमिलाताई

प्रमिलाताई, चार वर्षांत मी तुला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही आणि ‘तू’ही म्हटलं नाही. आपल्या बोलण्यात त्याची गरजच पडली नाही. मी तुझ्याकडे बोट करायचे, तू माझ्याकडे. आता कागदावर लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले. तू माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमच्या घरच्या वळणाप्रमाणे ‘तुम्ही’ म्हणायला हवं. पण ‘तुम्ही’ लिहिलं की लांब खुर्चीवर बसलेली कोणीतरी परकी बाई दिसते. म्हणून तू.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं तुझ्या भावानं सांगितलं होतं. जन्म, शिक्षण, शिवणकाम, स्वभाव मनमिळाऊ. ते मी लिहून दिलं. ‘मनमिळाऊ’ लिहिताना मात्र हसू आलं. तू मनमिळाऊ नव्हतीस, प्रमिलाताई. पहिल्या भेटीतच तू माझ्या टेबलावर असा पंजा आपटलास की पेन्सिली खाली पडल्या.

तो दिवस मला विसरायचा नाही. मारेगावला दवाखान्याच्या मागची ती एकखणी खोली. मी दर बुधवारी यवतमाळहून सकाळच्या एसटीनं यायचे. दारावर ‘वाचा व श्रवण उपचार’ अशी पाटी होती, पण गाव तिला ‘बोलायच्या म्याडमची खोली’ म्हणायचं. माझ्यासमोर सात वर्षांची पायल बसली होती. चौथ्या वर्षापासून ती माझ्याकडे येत होती आणि तीन वर्षांत तिला सहा शब्द आले होते. सहाही फक्त मला आणि तिच्या आईला कळायचे. मी तोंडापुढे कागद धरून तो फडफडेल असं ‘प’ म्हणत होते. तेवढ्यात पायलला खिडकीबाहेर काहीतरी दिसलं, शेळी असेल, आणि तिनं मला दाखवायला हात उचलला. मी तिचे दोन्ही हात धरून तिच्या मांड्यांखाली दाबले. “हात खाली. तोंडानं सांग.”

हे मी शेकडो वेळा केलं होतं. मला तसंच शिकवलं होतं. हात मोकळे ठेवले की मूल आळशी होतं, सोपी वाट धरतं, मग ते कधी बोलत नाही. मी हे मनापासून मानत होते. माझ्याकडे येणारं प्रत्येक लेकरू दुकानात जाऊन तोंडानं ‘साखर द्या’ म्हणेल, त्याला कोणी हसणार नाही, एवढंच माझं स्वप्न होतं.

पायलसारखीच जन्मापासून बहिरी असलेली तू दाराजवळ बसली होतीस. पायलच्या आईचे ब्लाउज तू शिवायचीस, तिच्याबरोबर सहज आली होतीस. तू उठलीस, टेबलावर पंजा आपटलास, पायलचे हात मांडीखालून ओढून काढलेस आणि टेबलावर ठेवलेस. मग माझंच रजिस्टर ओढून त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंस : “हात सोड. तोंड नंतर.”

मी तुला बाहेर काढलं. दाराकडे केलेलं माझं बोट तुला चांगलं दिसलं. तू गेलीस. आणि पुढच्या बुधवारी, मी कुलूप उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसली होतीस.

त्या दिवशी तू भांडली नाहीस. एक प्रश्न लिहून आणला होतास, पायलच्या आईसाठी. “पायल पोट दुखलं तर कसं सांगते?”

पायलची आई म्हणाली, “रडते. मंग आमी दाबून दाबून पाह्यतो, इथं का तिथं का.”

तू खाली दुसरी ओळ लिहिलीस. “रात्री स्वप्न पडलं तर?”

त्या बाईनं ओळ वाचली. मग माझ्याकडे वळली. “म्याडम, तिले सपन पडते का नाई, हेच मले मालूम नाई. मले कसं मालूम होईन?”

मी काहीतरी उत्तर दिलं. सराव वाढवू, तिच्या कानाच्या मशीनचे सेल बदलू, असंच काहीतरी. पण संध्याकाळच्या एसटीत यवतमाळ येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. तीन वर्षं मी त्या पोरीच्या ओठांवर काम करत होते आणि तिच्या डोक्यात काय चाललंय हे एका माणसालाही ठाऊक नव्हतं.

तुझी स्वतःची गोष्ट तू मला नंतर सांगितलीस, मला थोडीफार हातांची भाषा यायला लागल्यावर. तुझ्या हातांचं बोलणं मला वऱ्हाडीच वाटायचं, म्हणून तसंच लिहिते. तू म्हणालीस, “मले नवव्या वर्षी मालूम झालं का मले नाव हाय.” तोवर तुला वाटायचं की माणसं एकमेकांकडे बघून नुसती तोंडं हलवतात, जशी शेळी चघळते. घरात वस्तू होत्या, माणसं होती, नावं नव्हती. नवव्या वर्षी दूरच्या शहरातल्या एका वसतिगृहाच्या शाळेत तुला टाकलं. वर्गात हात हलवायची बंदी होती. पण वसतिगृहात मोठ्या मुली होत्या. पहिल्याच आठवड्यात एकीनं तुझ्या कपाळावरच्या जखमेच्या खुणेला बोट लावलं, मग तुझ्याकडे बोट केलं. पुन्हा खूण, पुन्हा तू. दहाव्या-बाराव्या वेळी तुला उमगलं : ही मी आहे. ही माझी खूण आहे. मी इथे नसले तरी ही खूण करून त्या माझ्याबद्दल बोलू शकतात.

“त्या दिवशी म्या जेवली नाई,” तू म्हणालीस. “नुस्ती बोट दाखवत फिरली. याचं नाव काय, त्याचं नाव काय.”

तू हुशार होतीस, प्रमिलाताई. कापड हातात न घेता नुसत्या नजरेनं माप सांगायचीस. पण मराठी वाक्य लिहिताना ‘ने’ आणि ‘ला’ कुठे लावायचं हे तुला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. त्याची तुला लाज वाटायची. तू म्हणायचीस, नऊ वर्षं जमीन कोरडी पडली, मग किती पाणी घातलं तरी ढेकळं राहतातच. त्या लाजेतून तुझा हट्ट आला होता. पुढच्या लेकराची नऊ वर्षं काय, नऊ महिनेही कोरडे जाऊ द्यायचे नाहीत.

आणि मग वर्षा आली, कडेवर दीड वर्षाची अन्वी घेऊन.

ते दोघं नवरा-बायको मला अजून तसेच दिसतात. वर्षा तेवीस-चोवीसची, नागपूरहून केलेल्या तपासणीचे कागद पिशवीत. गजानन काळीपिवळी चालवायचा, मारेगाव ते वणी. तो आत आलाच नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. वर्षानं सगळ्या आया विचारतात तोच प्रश्न विचारला, “म्याडम, हे बोलन का?”

मी कानाच्या मशीनबद्दल सांगायला लागले. शिबिरातून मिळायला पाच-सहा महिने लागतील, मग कानाच्या मापाचा साचा, मग सराव. तू कोपऱ्यात बसून माझे ओठ वाचत होतीस. मधेच उठलीस, अन्वीच्या समोर फतकल मारलीस आणि खुणेनं मला विचारलंस, “सहा महिने हिनं काय करायचं? वाट पाहायची?”

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तुझं ऐकलं ते पटलं म्हणून नाही. पायल डोळ्यांपुढे होती म्हणून. मी वर्षाला म्हटलं, मशीन येईपर्यंत या ताईकडून हातांची भाषा शीक. मशीन आलं की मग बघू.

गजानन चौकटीतून म्हणाला, “म्याडम, लोकं हसतीन. मुक्याचं घर म्हन्तीन.”

तू त्याचे ओठ बरोबर वाचलेस. हसलीस आणि त्याला विचारलंस, मी मराठीत सांगितलं : “आता काय म्हणून राह्यले?”

तो गाडीची किल्ली बोटात फिरवायला लागला.

त्यानंतरचे महिने मी लांबून पाहिले, कारण मी आठवड्यातून एकदाच यायचे. तू मात्र रोज दुपारी शिलाई मशीन बंद करून वर्षाच्या घरी जायचीस. तू ‘शिकवत’ नव्हतीस. तक्ते नाही, चित्रं नाही. वर्षा भाकरी थापत असली की भाकरीचं बोलायचं, कोंबडी आत आली की कोंबडीचं. वर्षाचा गोंधळ व्हायचा. तिचे हात पिठाचे असायचे. तू म्हणायचीस, पिठाच्या हातानं बोल, बोबडं बोल, पण तिच्या डोळ्यांसमोर बोल. तिनं बघितल्याशिवाय एक शब्द वाया घालवू नको. हे शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलं आणि ऐकणाऱ्या मुलांच्या आयांनाही आता सांगते.

तीन महिन्यांनी अन्वी पाणी मागायला लागली. मग ‘अजून’. मग ‘नको’, आणि ‘नको’ आल्यावर घरात तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं चालेना. गजानन अजूनही लांब. मग एक दिवस त्याची गाडी अंगणात शिरली आणि अन्वीनं वरच्या ओठावर बोट फिरवलं, मिशीची खूण, बाबा, आणि मग आईकडे बोट करून, दोन्ही हातांनी, गाल फुगवून सांगितलं की आईनं माझा आंबा खाल्ला. गजाननला पहिल्यांदा कळलंच नाही. वर्षा हसत सुटली. तिनं सांगितल्यावर तो ओट्यावरच बसला. मला तो नंतर म्हणाला, “म्याडम, माही पोट्टी चुगली करते. मले वाटलं होतं तिच्या डोस्क्यात काईच नाई.” त्या आठवड्यात तो तुझ्या दुकानात येऊन बसला. आंबा, आई, खाल्ला, तीन खुणा शिकून गेला. पुढच्या वेळी भांडण मिटवता यावं म्हणून.

आणि ते दूध सांडल्याचं प्रकरण. अन्वी सव्वादोन वर्षांची होती. भगुणं तिनंच पालथं केलं होतं, आणि वर्षानं विचारल्यावर गंभीर चेहऱ्यानं मांजराचं नाव घेतलं. मिशा, पंजा, धक्का. पूर्ण गोष्ट. वर्षा रागावून मला सांगायला लागली आणि मी आनंदानं ओरडले. खोटं बोलली! जे घडलं नाही ते तिनं मनात उभं केलं आणि दुसऱ्याच्या मनात घालायचा प्रयत्न केला. तू आणि मी, दोघी एकाच वेळी टाळ्या वाजवत होतो. वर्षाला वाटलं आपण दोघी येड्या झालो.

मशीन आलं तेव्हा मी ठरल्याप्रमाणे म्हणायला हवं होतं की आता हात बंद. मी तुझ्याकडे पाहिलं. तू भांडायच्या तयारीनं बसली होतीस. मी काही म्हटलं नाही. खरं तर मी घाबरले होते. माझ्या शिक्षणाच्या विरुद्ध काहीतरी करतेय, आणि पोर बोलली नाही तर तो माझा दोष, अशी.

झालं उलटंच. अन्वीला शब्द म्हणजे काय हे आधीच ठाऊक होतं. तिला फक्त त्याचा आवाज शोधायचा होता. पायलला मी ‘पाणी’ शिकवायचे तेव्हा ‘पाणी’ हा आवाज आणि पाणी ही कल्पना, दोन्ही एकाच वेळी तिच्या गळ्यात बांधायचे. अन्वीला मी ‘पाणी’ म्हटलं, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या हाताची पाण्याची खूण पाहिली, आणि तिचे डोळे मोठे झाले. अच्छा, हे ते होय. दोन महिन्यांत ती ‘पाई’ म्हणू लागली. हात तसेच चालू राहिले. जो शब्द तोंडानं नीट यायचा त्याची खूण ती आपोआप सोडायची, जो यायचा नाही तो हातानं पुरा करायची. मला दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

आणि मशीन टिकलं ते तुझ्यामुळे. दोन वर्षांचं लेकरू कानात ती वस्तू ठेवेल होय? ती ओढायची, चावायची. एकदा परसात कापसाच्या ढिगात टाकलं, तर सगळं घर कापूस उपसत बसलं. तू मऊ सुती कापडाची टोपी शिवलीस, कानाजवळ दोन छोटे कप्पे, आवाजाला अडथळा नको म्हणून वर जाळीदार तुकडा, हनुवटीखाली बंद. मग तशा बावीस टोप्या शिवल्यास, प्रत्येक लेकरासाठी मापानं. यवतमाळच्या माझ्या सहकारी मला म्हणायच्या, तुझी ती बहिरी शिंपीण बोलण्याच्या विरोधात आहे ना? मी त्यांना टोपी दाखवायचे.

तरी आपलं भांडण संपलं नाही. अन्वीच्या कानाच्या ऑपरेशनचं मी दोन वर्षं बोलत होते आणि तू दोन वर्षं ‘नाही’ म्हणून मान हलवत होतीस. कानाच्या आत यंत्र बसवतात, पण त्याचा बाहेरचा भाग झोपताना काढून ठेवावा लागतो. तू म्हणायचीस, “काढून ठेवलं का ती बहिरीच हाय. झोपताना बहिरी, आंघोळीले बहिरी. तवा तिच्याशी कोन बोलन?” मी म्हणायचे, पण जागेपणी बारा तास ऐकेल, ते का नाकारायचं? तू म्हणायचीस, नाकारत नाही, घाई नाकारते. मग मी चिडायचे, कारण घाई करायलाच हवी असं माझं अजूनही मत आहे. हो, अजूनही. तू गेलीस म्हणून मी माघार घेतलेली नाही. वर्षा-गजाननचं काय ठरेल ते ठरेल. पण ऑपरेशन झालं तरी हात सोडायचे नाहीत, एवढं मी तुझ्याकडून घेतलंय आणि ते परत करणार नाही.

तू माझं नाव ठेवलं होतंस. तर्जनी डावी-उजवी हलवायची : नको-नको बाई. पहिल्या दिवसावरून. खोलीतली सगळी लेकरं मला त्याच नावानं ओळखतात. मी एकदा तक्रार केली, आता तरी बदल. तू म्हणालीस, नाव असं बदलत नसतं.

मग तुझा तो ताप.

यवतमाळच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुझ्या उजव्या हाताला सलाईन होतं आणि हात लाकडी पट्टीला बांधलेला. तू हालचाल फार करतेस, सुई निघते, म्हणून. सिस्टर वाईट नव्हती. तिला वाटत होतं पेशंट भ्रमात हातवारे करतेय. तू डाव्या हातानं काहीतरी सांगत होतीस, तुझा भाऊ पलंगाच्या पायथ्याशी रडकुंडीला आलेला, आणि कोणालाच कळत नव्हतं की तुला पाठीत नव्हे, छातीत दुखतंय.

मी सिस्टरला म्हणाले, “हा हात सोडा. हा हात म्हणजे तिचं तोंड आहे.”

ती म्हणाली, “मॅडम, सुई निघाली तर पुन्हा टोचावं लागेल.”

“मग पायाला टोचा, दंडाला टोचा. पण तुमच्या तोंडाला कोणी पट्टी बांधली आणि दुखतं कुठे ते सांगा म्हटलं, तर?”

माझा आवाज चढला होता. सगळा वॉर्ड बघत होता. त्या तरुण मुलीनं पट्टी सोडली आणि सुई कोपराच्या वर हलवली. तू हात मोकळा करून आधी मला चिडवलंस. नको-नको बाई. मग छातीवर ठेवलास. डॉक्टर आले. मी सांगत गेले, तू सांगत गेलीस. माझी हातांची भाषा अपुरी, चुकीची, पण दोन दिवस तीच तुझ्या आणि डॉक्टरांच्या मधे होती.

शेवटच्या संध्याकाळी तू मला काहीतरी म्हणालीस. हात थकले होते, बोटं पूर्ण वळत नव्हती. मला कळलं नाही. तू पुन्हा केलंस. पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा तू केलंस तेव्हा मी मान हलवली. कळल्यासारखी. हसले सुद्धा.

प्रमिलाताई, तू मला शिकवलं होतंस की बहिरी लेकरं अशीच मान हलवायला शिकतात. काही कळलेलं नसतं, पण समोरच्याचा हिरमोड नको म्हणून. त्या मान हलवण्यासारखं एकटं काही नसतं, असं तू म्हणाली होतीस. आणि मी तुला तेच दिलं, अगदी शेवटी. तू डोळे मिटलेस. तू ओळखलंस की नाही, मला माहीत नाही. ती खूण मी आठवून आठवून तुझ्या मैत्रिणींना दाखवली. प्रत्येकीनं वेगळा अर्थ सांगितला. आता विचारणं थांबवलंय. त्या दिवशी विचारायला हवं होतं, चौथ्यांदा, पाचव्यांदा.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी वर्षाचा फोन आला. “म्याडम, पोट्टी इचारून राह्यली, काकू कुठी गेली. तिचे बाबा म्हन्ते, गावाले गेली सांग. लहान हाय, कायले सांगता. काय करू?”

मी म्हटलं, मी येते. पण मी पोचेपर्यंत वर्षानं स्वतःच ठरवलं होतं. तिनं अन्वीला समोर बसवलं, खिडकीचा उजेड स्वतःच्या तोंडावर येईल अशी बसली, तू सांगायचीस तशी, आणि सांगितलं. काकू आजारी होती. डॉक्टरांनी खूप केलं. शरीर थांबलं. काकू मेली. आता येणार नाही.

पाच वर्षांच्या पोरीनं किती प्रश्न विचारले म्हणून सांगू! दुखलं का तिला? जेवते का आता? मशीन कोण चालवणार? आणि मग, “मी रागावली होती म्हणून गेली का? बाहुलीचा फ्रॉक शिवला नाही म्हणून मी तिला मारलं होतं.”

वर्षानं दोन्ही हातांनी नाही म्हटलं, पुन्हा पुन्हा, आणि अन्वी तिच्या कुशीत शिरून रडली. गजानन दारात उभा होता. तो आत आला आणि त्या दोघींच्या शेजारी जमिनीवर बसला.

मला तेव्हा तुझे वडील आठवले. तू सात वर्षांची असताना ते गेले. घरात गर्दी झाली, बायका रडल्या, ते झोपलेले होते, मग चार माणसांनी उचलून नेलं. तुला कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगायला काहीच नव्हतं कोणाकडे, ना खूण ना शब्द. तुला वाटलं बाजाराला नेलं. तू उंबऱ्यावर बसून वाट पाहिलीस. किती महिने, तुलाही आठवत नव्हतं. मेले म्हणजे काय हे तुला वसतिगृहात कळलं, दोन-तीन वर्षांनी, आणि तू त्या दिवशी वर्गात बसून रडलीस तर बाईंना वाटलं दात दुखतोय.

अन्वीला तसं एक दिवसही बसावं लागलं नाही. ती त्याच दुपारी रडली, आणि नीट कशासाठी ते ठाऊक असताना रडली.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. पायलची. तिची आई तिला घेऊन माहेरी केळापूरला निघून गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, चल, जाऊ, अजून उशीर झाला नाही. मी दर वेळी काम काढलं. खरं कारण काम नव्हतं. मला तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

गेल्या रविवारी गेले. पायल अकरा वर्षांची झालीय, उंच, केसांना लाल रिबिनी. तिनं मला दारात ओळखलं. आणि ओळखल्याबरोबर बाजेवर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात स्वतःच मांड्यांखाली घातले.

मी तिथेच उभी राहिले. मग तिच्यासमोर खाली बसले आणि तिचे हात ओढून बाहेर काढले. माफी कशी मागतात ती खूण मला येते, पण तिला ती कुठे येते? मी फक्त माझे हात तिच्या हातांशेजारी ठेवले. तिची आई म्हणाली, “आता काय फायदा म्याडम? मोठी झाली.” मी म्हटलं, फायदा कमी होईल, पण होईल. प्रमिलाताई नऊ वर्षांची होती. ही अकराची. आठवड्यातून एक रविवार मी इथे येणार, आणि मी एकटी येणार नाही.

मी एकटी येणार नाही म्हटलं ते शाहीनच्या भरवशावर. तुझी उमरखेडची शाहीन, जिला तू वसतिगृहातली धाकटी बहीण म्हणायचीस. ती आता तिथल्या एका दुकानात काम करते. मी तिला व्हिडिओवर विचारलं, प्रमिलाताईचं काम घेशील? तिनं एकच विचारलं, पगार कोण देणार. बरोबर आहे. तू फुकट करत राहिलीस आणि आम्ही सगळ्यांनी करू दिलं. त्यासाठी मी अर्ज केलाय, वर्षा आणि आणखी नऊ आयांच्या सह्या घेतल्यात. पंचायत समितीत साहेब म्हणाले, बहिऱ्या बाईला बहिऱ्या मुलांना शिकवायला ठेवायचं, हे नियमात कुठे बसतं? मी म्हटलं, बसत नसेल तर जागा करा, मी दर सोमवारी येऊन बसते. दोन सोमवार झालेत. तिसऱ्या सोमवारीही जाणार आहे, आणि वर्षा सोबत येते म्हणते.

शाहीन मात्र अर्जाची वाट न पाहता परवा आली. दिवसाची सुटी काढून, दोन एसट्या बदलून. खोलीत पाच लेकरं आणि आया. शाहीन निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, जरा बावरलेली. मुलं लांबूनच बघत होती. अन्वी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, खालून वर नीट पाहिलं, आणि हातांनी विचारलं, “तू पण मरणार का?”

वर्षानं डोक्याला हात लावला. मी पुढे होणार होते. पण शाहीननं मला थांबवलं, गुडघ्यावर बसली आणि सरळ उत्तर दिलं. “मरेन. म्हातारी झाले की. आता भूक लागली आहे. तुझ्या डब्यात काय?”

मला ते सगळं कळलं. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

अन्वीनं विचार केला. उत्तर पटलेलं दिसलं. तिनं डबा आणला, झाकण काढलं, एका हातानं खूण केली आणि तोंडानं मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “पोयी!”

माझ्या जिभेवर ‘पोळी’ आलं होतं. जीभ वर लाव, ‘ळ’, पुन्हा म्हण. मग भोवती पाहिलं. वर्षा, बाकीच्या आया, दारातला गजानन. अख्ख्या मारेगावात ज्यांना ऐकू येतं ते सगळेही पोयीच म्हणतात.

मी दुरुस्त केलं नाही.